असरच्या वेळेची खाच

भूत फक्त रात्रीच येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

मी सांगतोय ते लख्ख उन्हात घडलंय. हिवाळ्यातल्या दुपारी, आभाळात बोटभर ढग नसताना.

खोटं वाटलं तर वाटू द्या. सांगून मला काही बक्षीस मिळणार नाही.

जागा सांगतो. वाशिम जिल्हा, जऊळका. स्टेशन मागे टाकून कच्च्या रस्त्यानं शेतांमधून आत गेलं की एक सोलर प्लांट लागतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून तिथेच आहे.

मी सादिक. घर कारंजा लाडला. आठवडाभर प्लांटवरच्या खोलीत राहतो आणि सुट्टीला एसटीनं घरी जातो.

दिवसा प्लांटवर मी एकटा असतो. खरंच एकटा. चहूकडे निळे पॅनल, सगळे एका दिशेला तोंड करून. इन्व्हर्टरची घरघर. एखादी टिटवी. दूरवर रेल्वे गेली की तेवढंच बरं वाटतं, कारण तिच्यात माणसं असतात.

माझं मुख्य काम म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दोन रेघा बघत बसणं.

तिथे एक प्रोग्राम चालतो. जागा, तारीख आणि वेळ यांवरून तो सांगतो की या क्षणी सूर्य आकाशात कुठे आहे, किती उंचावर आहे आणि आभाळ स्वच्छ असेल तर किती ऊन पडायला हवं. ती निळी रेघ. शेवटच्या रांगेत, पॅनलच्या कडेला, कमरेच्या उंचीवर एक सेन्सर बसवलाय. लिंबाएवढा काचेचा घुमट. तो खरोखर पडलेलं ऊन मोजतो. ती लाल रेघ.

हवा स्वच्छ असली की दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. लोक नवरा-बायकोचं पटतं का ते बघतात, मी रेघांचं बघतो.

या कामाचा एकच कडक नियम आहे. सेन्सरपुढे कुणी उभं राहायचं नाही. त्याच्यावर सावली पडली की हिशेब बिघडतो.

हा नियम मला पहिल्यांदा माझ्या मोठ्या भावानं सांगितला होता.

माझ्या आधी या जागेवर तोच होता. खालिद.

चार वर्षांपूर्वी, अशाच एका हिवाळ्यात, खालिदभाई याच प्लांटवरून नाहीसा झाला.

संध्याकाळी रात्रपाळीचे वॉचमन दौलतराव आले तेव्हा भाईची मोटारसायकल फाटकापाशी होती. डबा अर्धा खाल्लेला. कंट्रोल रूमच्या मागे, जिथे तो नमाज पढायचा, तिथे त्याच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या. जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, नव्हती... आणि भाईही नव्हता.

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, शेतं पाहिली. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. कुणी म्हणे दुबईला पळाला, कुणी म्हणे दुसरी बाई केली. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

घरी अम्मी आणि लतीफाभाभी. भाभीचं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. ना ती सुहागन, ना बेवा. जिवंत नवऱ्याची बायको म्हणून ईदला बांगड्या भरायची आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची, असं अम्मी सांगायची.

आयटीआय करून मी मुद्दाम हीच नोकरी धरली. भाईचं काय झालं ते कळावं, एवढ्यासाठी. वर्ष झालं तरी काही कळलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात चार वर्षं पूर्ण झाली. मौलाना म्हणाले, नवऱ्याचा पत्ता नसेल तर इतकी वाट पाहिल्यावर बाईला मोकळं होता येतं. सगळी लिखापढी झाली. मंगरूळपीरचा मुन्ना टेलर, बायको वारलेला, भला माणूस. अम्मीनंच पुढाकार घेतला.

"माह्या पोरासाठी तिची जिंदगी काहून खराब करू?" अम्मी म्हणाली. घरी आम्ही उर्दू आणि वऱ्हाडी मिसळूनच बोलतो.

भाभी हो म्हणाली. रमजानच्या आधी निकाह ठरला.

फक्त मी प्लांटवर यायला निघताना ती मला दाराशी म्हणाली, "सादिक, तू तिथंच रायतं. एकदा सांग मले... ते जिंदा हाय का नाई? मंग मी कुठंबी जाईन."

मी पिशवी उचलून एसटी गाठली.

त्याच आठवड्यात नागपूरच्या ऑफिसातून निकिताचा फोन आला. ती आमच्या सगळ्या प्लांटच्या रेघा तिथे बसून बघते.

"सादिक, तुझ्या सेन्सरपुढे काही उभं केलंस का? चार वाजून गेले की रोज लाल रेघेत खाच पडून राह्यली."

"पक्षी बसत असन मॅडम."

"पक्ष्याले घड्याळ असते का?"

मी जाऊन पाहिलं. सेन्सरच्या पश्चिमेला काहीच नाही. तारेचं कुंपण, त्याच्या पलीकडे हरभऱ्याचं बसकं पीक, आणि मग थेट आभाळ. झाड नाही, खांब नाही. मी काच पुसली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी परत खाच.

ढग म्हणावा, तर कंट्रोल रूमपाशी उंच खांबावर बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरची रेघ साफ होती. म्हणजे ऊन सगळीकडे पडत होतं. फक्त त्या एका लिंबाएवढ्या काचेवर... पडत नव्हतं.

मी मागचे सगळे दिवस काढून पाहिले. खाच ठरलेल्या वेळेला नव्हती. दिवस मोठा होत चालला तशी ती रोज किंचित उशिरा सरकत होती.

मी ते बघत होतो आणि टेबलावरचा माझा मोबाइल वाजला.

अजान.

मोबाइलमध्ये नमाजच्या वेळांचं ॲप आहे. तेही सूर्याच्या जागेवरूनच वेळ काढतं. काठीची सावली ठरावीक लांब झाली की असर, म्हणजे दुपार उतरल्यावरची नमाज. माझा प्रोग्राम आणि ते ॲप, दोघांचा हिशेब एकाच सूर्याचा.

मी स्क्रीनकडे पाहिलं.

निळी रेघ सरळ उतरत होती. लाल रेघ... खाली पडली.

त्या दिवशी मी असर पढलो नाही.

प्रोग्राम दर मिनिटाची सरासरी मांडतो, म्हणून ती नुसती एक खाच दिसायची. मी सेटिंग बदललं आणि नोंद सेकंदावर आणली. दुसऱ्या दिवशी अजान होईपर्यंत खुर्चीतून हललो नाही.

अजान झाली. थोडा वेळ काहीच नाही.

मग लाल रेघ पडली... आणि खालीच राहिली. बराच वेळ.

मग वर आली.

लगेच परत पडली. अगदी थोडा वेळ.

मग वर आली आणि वरच राहिली.

मग सगळं परत एकदा, तसंच. आणि त्यानंतर रेघ जी वर आली ती संध्याकाळपर्यंत.

मी ते लहानपणापासून रोज करतोय. मला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

माणूस उभा राहिला, सावली पडली. रुकूत वाकला, ऊन आलं. क्षणभर सरळ झाला, सावली. कपाळ जमिनीला टेकवून सजद्यात गेला, ऊन. एवढ्याला एक रकात म्हणतात.

सेन्सरपुढे दोन पावलांवर कुणीतरी पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत होतं.

संध्याकाळी दौलतराव आले. त्यांना मी फक्त एवढंच विचारलं, की काका, भाई कधी सेन्सरपाशी नमाज पढायचा का?

"छे," ते म्हणाले. "तो तं कोनाले तिथं उभं राहू देत नव्हता. एकडाव मीच बिडी प्याले उभा राह्यलो तं मले केवढा बोलला. काहून इचारलं?"

"असंच."

ते टॉर्च तपासायला लागले. दिवसा तपासतात तसा, उजेड आपल्या तळहातावर पाडून.

रात्री खोलीत पडल्या पडल्या मला कळलं आणि मी रडलो. भाईला तो नियम माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. तरी तो तिथेच उभा राहत होता, कारण या अख्ख्या रानात त्याची सावली दुसऱ्या कुणालाच दिसली नसती.

पुढच्या दिवशी मी अजानच्या आधीच तिथे जाऊन उभा राहिलो. सेन्सरच्या बाजूला, नियम पाळून.

टिटवी ओरडत होती. इन्व्हर्टर घरघरत होते.

खिशात अजान झाली.

टिटवी गप्प झाली.

मी मोबाइलवर सेन्सरचा आकडा उघडला. साडेतीनशेच्या आसपास. समोर बघत होतो. कुणी नाही. जमिनीवर ऊन स्वच्छ पसरलेलं, सावलीचा ठिपका नाही.

आकडा पडला... ऐंशी.

समोर कुणीच नाही.

मी उजवा हात पुढे केला. सेन्सरच्या शेजारी, हवेत.

हात गार पडला.

झाडाखाली शिरल्यावर लागतं ना, तसं. माझा हात उन्हात चकाकत होता, दिसत होता, आणि तरी तो सावलीत होता. मी हात डावीकडे नेला, ऊन लागलं. परत आणला, गारवा. त्या गारव्याला कड होती. खांद्याएवढी रुंद.

मग गारवा हातावरून खाली उतरला. रुकू.

परत आला. परत गेला.

"भाई," मी म्हणालो.

नमाजात असलेल्या माणसाला हाक मारू नये, हे मला माहीत आहे. पण तोंडातून निघूनच गेलं.

काही नाही. नुसतं ऊन.

आणि मग, दुसऱ्यांदा उभं राहायच्या वेळी, माझ्यासमोर हातभर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीवर...

कट्.

भाईचा डावा गुडघा वाजायचा. लहानपणी निंबावरून पडला होता. उठला की वाजायचा आणि अम्मी म्हणायची, आला माझा म्हातारा.

मी तिथेच खाली बसलो. किती वेळ, सांगता येत नाही. त्या वर्षभरात पहिल्यांदा मला प्लांटवर एकटं वाटलं नाही, हेही खरंच सांगतो.

त्यानंतर मी रोज जायचो. तो पढायचा, मी बाजूला बसायचो. कधी अम्मीच्या मोतीबिंदूबद्दल सांगायचो, कधी कारंज्याच्या बाजाराबद्दल. वेडा म्हणा. आठवडाभर ज्यानं माणसाचं तोंड पाहिलं नाही त्यानं मग मला हसावं.

निकाहबद्दल मात्र मी त्याला सांगू शकलो नाही.

निकाहला चार दिवस उरले तेव्हा सुट्टीला घरी गेलो. भाभी अंगणात निकाहच्या नव्या ओढणीला जरीचा गोटा लावत बसली होती. अम्मी आत झोपलेली.

मी ठरवून गेलो होतो की काही बोलायचं नाही. पण तिनं मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "तुले कायी कळलं ना?"

मी सगळं सांगितलं. रेघ, हात, गुडघा. सगळं.

तिची सुई थांबली. शेवटी म्हणाली, "किती रकात पढतात ते?"

"दोन."

"असरच्या तं चार असतात."

"हो. पन तिथं दोनच होते. मी रोज पायतो."

भाभीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी चार वर्षांत तो चेहरा पाहिला नव्हता.

"दोन कोन पढते, सादिक?"

शेंबड्या पोरालाही माहीत असतं, माझ्याच डोक्यात कसं आलं नव्हतं कोण जाणे. घरापासून दूर, वाटेत असलेला माणूस चारच्या जागी दोन पढतो.

मुसाफिर.

"ते सफरमध्ये हाय," भाभी म्हणाली. "घरी येऊन राह्यले. पोचले नाई अजून, एवढंच."

"भाभी, पन चार वर्सं..."

"लांबून येत असतीन."

मला तिला सांगायचं होतं की जिवंत माणसाची सावली अशी नसते. तेवढंच तर तिनं मला विचारलं होतं, जिंदा हाय का नाई. पण तिच्या तोंडावरचा तो उजेड बघून माझी जीभच उचलली नाही.

तिनं सुईनं गोटा उसवायला घेतला. एकेक टाका, सावकाश.

रात्री अम्मी माझ्यावर खूप चिडली. "तू तिले काय सांगितलं? मुन्नाच्या घरच्याले मी काय तोंड दाखवू?" निकाह मोडला.

मी जऊळक्याला परत आलो. अजानच्या आधीच सेन्सरपाशी जाऊन बसलो. भाईला आता सगळं सांगता येणार होतं.

अजान झाली.

टिटवी ओरडतच राहिली.

आकडा हलला नाही. मी हात पुढे केला. ऊन. डावीकडे ऊन, उजवीकडे ऊन.

कंट्रोल रूममध्ये येऊन पाहिलं. लाल रेघ निळ्या रेघेवर बरोबर बसलेली. कुठे खाच नाही.

निकिताचा फोन आला. "छान, आता साफ हाय. काय केलं तू?"

"काही नाई मॅडम."

ती ठेवते न ठेवते तोच भाभीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, जसं कुणी शेजारी झोपलंय.

"सादिक... मी अंगणात भिंतीले टेकून बसली होती. तोंडावर ऊन होतं. ते गार झालं. मंग परत आलं. दिसत कायीच नाई, आभाळात ढग नाई."

"किती येळा, भाभी?"

"मी मोजलं. चार रकात."

ती हसली. "पोचले ते घरी."

त्यानंतर ती मला रोज फोन करून दुसऱ्या दिवसाची असरची वेळ विचारायची. घरातल्या भिंतीवर वेळांचं कॅलेंडर लटकलेलं असताना. मी प्रोग्राममध्ये कारंज्याची जागा टाकायचो आणि सूर्य किती खाली असेल, अंगणात ऊन कुठवर येईल ते तिला सांगायचो. ती त्या जागी चटई टाकायची.

मला हेवा वाटायचा. हेही खरंच सांगतो. माझ्याकडे परत नुसत्या दोन रेघा उरल्या होत्या.

मग रमजानमध्ये आभाळ आलं. अवकाळी ढग, सकाळपासून काळोखी. लाल रेघ दिवसभर तळाशी लोळत होती. वर निळी रेघ एकटीच चालली होती, आभाळ स्वच्छ असतं तर किती ऊन पडलं असतं ते सांगत. ढगाखाली काय चाललंय ते तिला कळत नाही.

असरच्या वेळी भाभीचा फोन येणार, हे मला माहीत होतं. ती विचारणार, आज ऊन नाही, मग ते आले का नाही ते कसं कळायचं? मी उत्तर शोधत बसलो होतो.

फोन आला नाही.

शेवटी मीच लावला.

"भाभी, आज ऊन नाई..."

"हो," ती म्हणाली. आवाज अगदी मजेत. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आता उन्हाचं काम नाई राह्यलं, सादिक. तू नोको घाबरू."

"म्हंजे?"

"ठेवते. इफ्तारीचं पाह्याचं हाय." आणि फोन ठेवताना ती पलीकडे कुणाला तरी म्हणाली, "सादिकच होता."

अम्मी तेव्हा घरी नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती मावशीकडे अकोल्याला होती.

अम्मी परत आली त्याला आता महिना झाला. ती सांगते, लतीफा चांगली आहे, खाते-पिते, अंगावर मांस आलंय. भाभीनं मला वेळ विचारायचं बंद केलंय. परवा अम्मीनं सहज विचारलं, "तुझी भाभी दिवसभर कोनाशी बोलते रे?"

"फोनवर असन," मी म्हणालो.

"मी आल्यापासून तिचा फोन तं माह्याजवळच रायते."

ईदलाही मी गेलो नाही. ड्युटी आहे म्हणून सांगितलं. इथे रेघ साफ असते, टिटवी ओरडते, रेल्वे जाते. मला घरी जायचंय, खूप जायचंय. पण घरात आता किती माणसं आहेत, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.